राहिलेली आंघोळ

सौदामिनीबाई रेणापूरकरांच्या तोंडून सलग दोन वाक्यं ऐकलेला माणूस लातूरच्या त्या गल्लीत शोधून सापडला नसता. घरात बोलायचं काम माधवरावांनी घेतलेलं होतं. माधवराव संस्कृतचे मास्तर. शाळेत सहा तास बोलून यायचे आणि उरलेलं घरी बोलायचे. पंचांगात काय दिलंय, कुठल्या तिथीला काय वर्ज्य, कुणाच्या हातचं पाणी चालतं आणि कुणाच्या हातचं नाही, सगळं तोंडपाठ. बाई नुसतं 'हं' म्हणायच्या. लग्नाला सत्तावीस वर्षं होऊन गेली होती आणि या 'हं'चा अर्थ होकारच असतो, अशी मास्तरांची पक्की समजूत होती. मास्तर विद्वान होते खरे, पण इथं त्यांचं साफ चुकलं.

बहात्तरचा दुष्काळ पडला तेव्हा लातूर हे उस्मानाबाद जिल्ह्यातलं एक तालुक्याचं गाव होतं. अंगणातला आड दिवाळीआधीच आटला. चौकात टँकर यायचा तो चार दिवसांनी, आणि घरटी दोन हंडे पाणी मिळायचं. ते आणायचं, झाकायचं, तांब्यातांब्यानं पुरवायचं, हे सगळं बाईंकडं. मास्तरांनी जन्मात कधी पोहरा आडात सोडला नव्हता, तर टँकरच्या रांगेत ते कुठले उभे राहणार? पिणं आणि स्वयंपाक झाला की उरेल त्यात पंचा भिजवायचा आणि अंग पुसायचं. चार महिने सगळ्या गावाची आंघोळ अशीच चालली होती, आणि आंघोळीवाचून देवाला हात न लावणारे मास्तरही निमूट पंच्यानं अंग पुसत होते.

अशात फेब्रुवारीत बिलोलीहून चंद्रप्रभेचं पत्र आलं.

चंद्रप्रभा ही त्यांची एकुलती एक. बिलोलीच्या शाळेत शिक्षिका. सरकारी नोकरी म्हणून मास्तरांनीच हौसेनं पाठवलेली. तिथं पाझर तलावाच्या दुष्काळी कामावर ज्ञानोबा सोनकांबळे नावाचा ओव्हरसियर होता, त्याच्याशी तिचं जुळलं. मुलगा शिकलेला, निर्व्यसनी, आईबापांना सांभाळणारा. पण बौद्ध. दसऱ्याला पोरीनं हे घरी सांगितलं, तेव्हा मास्तरांनी घर डोक्यावर घेतलं. हैदराबादच्या बँकेतल्या एका मुलाचं स्थळ घाईघाईनं ठरवलं आणि बाईंना समोर बसवून पत्र लिहून घेतलं. मजकूर मास्तरांचा, अक्षर बाईंचं. 'असं काही केलंस तर तुला आईबाप नाहीत.' आईच्या अक्षराला पोरगी भिऊन राहील, हा मास्तरांचा डाव. बाईंनी मान खाली घालून लिहिलं. लिहिताना हात थांबवायला हवा होता, हे त्यांना पाकीट टपालात पडल्यावर कळलं, आणि या एका गोष्टीसाठी त्यांनी स्वतःला पुढं कधीच माफ केलं नाही.

त्या पत्राला फेब्रुवारीत आलेलं हे उत्तर चार ओळींचं होतं. 'आम्ही नांदेडला रजिस्टर लग्न केलं. मला आईबाप आहेत. तुम्ही नाही म्हटलं तरी आहेत. तब्येतीला जपा.'

मास्तरांनी ते उभ्यानंच वाचलं. मग उपरणं खुंटीला लावलं आणि म्हणाले, "पाणी काढ. तिच्या नावानं आंघोळ करतो."

घरातलं कुणी गेल्याची बातमी आली की ऐकणाऱ्यानं थंड पाण्यानं, डोक्यावरून आंघोळ करायची असते. जित्या माणसाच्या नावानं तशी आंघोळ केली की ते माणूस त्या घरापुरतं मेलं. बाईंनी हे पोथीत वाचलेलं नव्हतं, डोळ्यांनी पाहिलेलं होतं. त्या नऊ वर्षांच्या असताना त्यांची थोरली अक्का एका परजातीच्या कंपाउंडरबरोबर निघून गेली, आणि उदगीरच्या घरात वडिलांनी आडावर जाऊन तिच्या नावानं पाणी घेतलं. दोन वर्षांनी अक्का कडेवर पोर घेऊन दारात आली. वडिलांनी शांतपणे विचारलं, "कोण पाहिजे?" आई आत चुलीपुढं बसून राहिली. अक्का थोडा वेळ उभी राहिली आणि गेली. पुढं तिचं काय झालं ते कुणाला ठाऊक नाही, कारण मेलेल्या माणसाची चौकशी कुणी करत नाही.

मास्तरही त्याच वळणाचे. रागात बोललेलं ते महिन्याभरानं विसरायचे. शिव्या, शपथा, अबोला, सगळं पुसता येत होतं. पण एकदा विधी झाला की झाला. तो माणूस केलेला विधी मागं घेणारा नव्हता. पाणी डोक्यावर पडलं की चंद्रप्रभेला हा उंबरा कायमचा बंद, एवढं बाईंना स्वच्छ दिसत होतं.

"पाणी नाही," बाई म्हणाल्या.

पाणी होतं. मागच्या पडवीत भरलेला हंडा झाकून ठेवला होता.

"थोडं तर असेल?"

"पंचा भिजेल एवढं आहे."

मास्तर पेचात पडले. पंच्यानं अंग पुसून माणूस मरत नाही, हे शास्त्र त्यांनाही मान्य होतं. आंघोळ म्हणजे डोक्यावरून, नखशिखान्त. शेजारी मागायला जावं, तर समोर गुरुपादप्पांचं किराणा दुकान. या टंचाईत मास्तरांना हंडाभर पाणी कशाला पाहिजे, असं त्यांनी विचारलंच असतं, आणि मग पोरीची गोष्ट संध्याकाळपर्यंत गंजगोलाईच्या बाजारात पोचली असती. मास्तर खाटेवर बसले आणि म्हणाले, "ठीक आहे. टँकर आल्यावर."

इकडं बाई मागच्या दारी गेल्या. रोज त्या वेळेला पंचफुला तिकडून जायची. बौद्ध वस्तीतली बाई, खडी फोडायच्या कामावर निघालेली. तिला बाई रोज तांब्याभर पाणी द्यायच्या. द्यायच्या म्हणजे काय, तिच्या घागरीत हातभर उंचीवरून धार सोडायच्या, भांड्याला भांडं लागू न देता. पुष्कळ केलं, असं त्यांना वाटायचं. त्या दिवशी त्यांनी हंडा उचलून आणला आणि घागरीच्या तोंडाला काठ टेकवून सगळाच्या सगळा ओतला.

पंचफुला बघतच राहिली. "बाई, ह्ये काय करायलाव? तुमच्या घरला?"

"घेऊन जा. घरात राहिलं तर वाया जाईल."

यात फार मोठं मन वगैरे काही नव्हतं. बाईंनी पुढं स्वतःच एकदा लेकीला सांगितलं की, त्या वेळी मी पंचफुलाचा विचार केला नव्हता, तुझाच केला होता. पण भांड्याला भांडं लागलं आणि आभाळ कोसळलं नाही, हे मात्र त्यांनी ध्यानात ठेवलं. दुसऱ्या दिवसापासून त्या पंचफुलाला ओट्यावर बसायला सांगू लागल्या.

मग तो उन्हाळाभर एक चमत्कारिक खेळ चालला. टँकर यायचा, मास्तर विचारायचे, आणि आंघोळीपुरतं पाणी कधी म्हणजे कधी शिल्लक नसायचं. घोटभर कमी पिऊन, भात सोडून भाकरीवर राहून बाईंनी ते पाणी मागच्या दारानं बाहेर काढलं. ओठ फुटले, टाचांना भेगा पडल्या. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, दुष्काळानं वाळली. खरं तर दुष्काळ एवढा एकच त्यांच्या बाजूला होता. मृगाचे दिवस जवळ आले तसा सगळा मुलूख ढगांकडं डोळे लावून बसला, आणि ही एकटी बाई मनातल्या मनात म्हणत होती, अजून थोडं थांब रे बाबा.

पाऊस काही कुणाचं ऐकत नाही. आषाढात आडाला हात-दीड हात पाणी आलं. मास्तरांनी सकाळी पंचांग मिटलं आणि न्हाणीत जाऊन दगडावर बसले. "आण पाणी."

बाईंनी दोन बादल्या आणून त्यांच्या पुढ्यात ठेवल्या.

"दोन कशाला?"

आणि सौदामिनीबाई बोलल्या. आवाज न चढवता, पण सलग. "एक चंद्रप्रभेच्या नावाची आणि एक माझ्या. पहिली डोक्यावर घेतलीत की दुसरीही घ्यायची. तुम्हाला डोकं पुसायला पंचा ठेवलाय, सकाळचा स्वयंपाक झाकून ठेवलाय, आणि माझी पिशवी दारात आहे. अकराची नांदेड गाडी आहे. तुमच्या वडिलांनी शिकवलं तसं तुम्ही करा, माझ्या आईनं केलं तसं मी करणार नाही. ती चुलीपुढं बसून राहिली. मी बसायची नाही."

मास्तरांनी बादल्यांकडं पाहिलं, मग दाराकडं. पिशवी खरंच होती. शेवटी ते उठले, कोरडेच कपडे घालून शाळेत गेले, आणि त्या दिवशी आयुष्यात प्रथमच अंगाला पाणीही न लावता वर्गात उभं राहून त्यांनी श्लोक शिकवले. बाईंनी दोन्ही बादल्या तुळशीला आणि धुण्याला वापरल्या.

आंघोळ राहिली, म्हणजे दार उघडलं असं नव्हे. चंद्रप्रभेचं नाव घरात घ्यायचं नाही, पत्राला उत्तर द्यायचं नाही, ती इकडं फिरकायची नाही, हे सगळं चालूच राहिलं. बाईंनी वाद घातला नाही. नवरात्रात त्या म्हणाल्या, "माहूरला जाऊन येते. देवीनं बोलावलंय." कुळाची देवी रेणुका, तिला नाही कोण म्हणणार? माहूरची वाट नांदेडवरून जाते. बाई नांदेडला उतरल्या आणि त्या वर्षी देवीनं त्यांना पुढं माहूरपर्यंत बोलावलंच नाही.

नांदेडला ज्ञानोबानं दोन खोल्या घेतल्या होत्या. दारात चंद्रप्रभा, सातवा महिना लागलेली, आणि तिच्या मागं ज्ञानोबाची आई सरजाबाई, कमरेवर हात ठेवून. सरजाबाईंना ही सून मुळीच नको होती. त्यांनीही लेकाला कमी छळलं नव्हतं. चार दिवस अन्न सोडून बसल्या होत्या. त्यांनी पाण्याचा तांब्या भरून पुढं केला आणि बघत उभ्या राहिल्या.

बाईंना तो तांब्या वरून, ओठ न लावता पिता आला असता. सगळा जन्म त्यांनी तसंच पाणी प्यायलं होतं. त्यांनी तांब्या तोंडाला लावला आणि रिकामा करून खाली ठेवला.

सरजाबाई समोर बसल्या. "तुमच्या मालकांनी पोरीच्या नावानं आंघोळ केली म्हनं?"

"नाही. पाणी नव्हतं."

सरजाबाईंनी डोळे बारीक केले, मग पदर तोंडाला लावून खदखदून हसल्या. "दुस्काळाचं लई उपकार झालं म्हनायचं!"

हसणं संपलं तसं खरं दुखणं निघालं. चंद्रप्रभेनं फळीवर बाळकृष्ण ठेवला होता, लिंबाएवढा, पितळी. नोकरीला जाताना बाईंनीच दिलेला. "आमी आमचं देव गोदावरीत सोडलं, विहीणबाई," सरजाबाई म्हणाल्या. "माज्या सासूनं रडत रडत सोडलं. ज्या देवांनी कधी दारात उभं केलं न्हाई, ते कशाला घरात? आता सून देव घिऊन आली, तर मी वस्तीत काय तोंड दाखवू? हिला सांगितलं तर ही ऐकत न्हाई. ज्ञानोबा तिच्याकडनं बी बोलत न्हाई, माज्याकडनं बी बोलत न्हाई."

"आईनं दिलेला आहे," चंद्रप्रभा हट्टानं म्हणाली. बापाचाच हट्ट.

बाईंना सरजाबाईंचा राग आला नाही. उदगीरच्या देवळाच्या पायरीखाली कोण उभं राहायचं आणि वर कोण जायचं, हे त्यांनी लहानपणापासून पाहिलं होतं आणि त्यात काही वावगं आहे असं त्यांना पंचेचाळीस वर्षांत वाटलं नव्हतं. त्याची लाज त्यांना त्या खोलीत बसून वाटली. त्या उठल्या, बाळकृष्ण उचलला, पदरात पुसला आणि पिशवीत टाकला. "माझा आहे, मी नेते. देव कुठंही राहील. तू इथं राहायची आहेस." लेक रडली, पण त्या रात्री सरजाबाईंनी तिच्या पायाला तेल लावून दिलं.

घरी परतल्यावर बाईंनी बाळकृष्ण गुपचूप देवघरात ठेवला. सकाळी पूजेला बसलेल्या मास्तरांचा हात तिथं थांबला. मग ते म्हणाले, "बाळकृष्ण माहूरला भेटला वाटतं?"

बाईंनी फुलांची परडी पुढं सरकवली.

"माहूरचा प्रसाद तांबूल असतो," मास्तर गंधाची वाटी पुढं ओढत म्हणाले. "तू पेढे आणलेस. पुढच्या वर्षी तांबूल आठवणीनं आण."

एवढंच. नातीच्या बारशाच्या सुमाराला, पंचांगात काही नसताना, त्यांनीच विचारलं, "यंदा माहूरला पौषातही जातेस का?" माणूस वाईट नव्हता हो. भित्रा होता. आणि भिणाऱ्या माणसाला दारातून बाहेर काढायला धक्का देऊन चालत नाही, हे बाईंनी ओळखलं होतं. त्या वर्षातून तीन-चार वेळा माहूरला जाऊ लागल्या. विष्णुपुरीच्या धरणावर ज्ञानोबाची बदली झाली तेव्हा तिथंही गेल्या. दर वेळी कुठून तरी तांबूल मिळवून आणायच्या.

ब्याऐंशीच्या ऑगस्टमध्ये लातूर जिल्हा झाला. रस्त्यावर कमानी लागल्या, कचेऱ्यांना जागा कमी पडू लागल्या, आणि नव्या जिल्ह्यात जी माणसं बदलून आली त्यांत ज्ञानोबा सोनकांबळे होते, आता पाटबंधारे खात्यात साहेब झालेले. चंद्रप्रभा, नववं वर्ष चालू असलेली नात, सगळे आईबापांच्या घरापासून सायकलवर दहा मिनिटांच्या अंतरावर राहू लागले. बाईंना आता माहूरला जायची गरज राहिली नाही. भाजी आणायला म्हणून जायच्या. पण नातीला घरी आणता येत नव्हतं. गल्लीच्या तोंडाशी पोर विचारायची, "आजी, तुझं घर कुठलं?" आणि बाई लांबून बोट दाखवायच्या. हे त्यांना दुष्काळापेक्षा जड गेलं.

एका सकाळी गुरुपादप्पा ओट्यावर येऊन बसले. याच गुरुपादप्पांनी दहा वर्षांपूर्वी सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हटलं होतं, "आमच्यात असं झालं असतं तर पोरीला उभी गाडली असती." आता ते मऊ आवाजात म्हणाले, "सर, तुमचे जावई मोठ्या जागेवर आलेत म्हणं. आमच्या चंद्रप्पाचा अर्ज आहे त्यांच्या हापिसात. तुमची चिठ्ठी दिली असती तर..."

बाई दाराआड उभ्या होत्या.

"माझा जावई," मास्तर म्हणाले, आणि तो शब्द तोंडातून निघाल्यावर स्वतःच थबकले. "माझा जावई दहा वर्षांत माझ्या घरी आला नाही, गुरुपादप्पा. तुम्ही काय म्हणाल म्हणून मी त्याला बोलावलं नाही. आणि तुम्ही हे म्हणताय?"

गुरुपादप्पा गेले. मास्तर दिवसभर कुणाशी बोलले नाहीत. पुढचे दोन-अडीच महिनेही ते कमीच बोलले, आणि घरात इतकी शांतता बाईंनी कधी अनुभवली नव्हती.

नरकचतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळी बाई उटणं कालवत होत्या. मास्तर दारात येऊन उभे राहिले. "उद्या न्हाणीत दोन बादल्या ठेव."

बाईंच्या हातातली वाटी कलंडली. दोन बादल्या. दहा वर्षांत त्या दोन बादल्यांचा उल्लेख कुणी केला नव्हता.

"कुणाच्या?" त्यांनी कसंबसं विचारलं.

"एक जावयाची. एक नातीची."

बाईंनी वाटी सरळ केली. मग आठवलं तसं म्हणाल्या, "ते लोक दिवाळी करत नाहीत."

मास्तरांनी विचार केला. शास्त्रात याला उत्तर नव्हतं, म्हणून त्यांना स्वतःचंच द्यावं लागलं. "मग सणाला येऊ नका म्हणावं. आंघोळीला या."

बाई पायांत चप्पल न घालता निघाल्या. वाटभर रडल्या, उघड रडल्या, कुणी बघतंय याची पर्वा न करता. ज्ञानोबानं निरोप ऐकला, बायकोकडं पाहिलं आणि म्हणाला, "आंघोळीला काय हरकत आहे, माय? आंघोळ तर आम्ही रोजच करतो."

पहाटे ते आले. नात उड्या मारत आत गेली. ज्ञानोबा संकोचून पाटावर बसला, तेल नको म्हणाला, मग थोडं चालेल म्हणाला. न्हाणीत बंबातल्या कढत पाण्याच्या दोन बादल्या वाफाळत होत्या. चंद्रप्रभा मात्र अंगणाच्या दाराशी, उंबऱ्याबाहेरच थांबली होती. बोलावलं होतं ते जावयाला आणि नातीला. तिचं नाव त्या निरोपात नव्हतं आणि तीही बापाचीच लेक होती.

बाई आत-बाहेर बघत म्हणाल्या, "अहो, आणि हिची?"

मास्तर उत्तर न देता खुंटीवरचा दोर आणि पोहरा घेऊन अंगणात आले. एकसष्टाव्या वर्षी त्यांनी प्रथमच आडात पोहरा सोडला. तो आडवा पडून तरंगत राहिला, बुडेना. दोर हातातून सरसर गेला, तळव्याला चटका बसला. दोनदा रिकामाच वर आला.

"बाबा, द्या इकडं, मी काढते," चंद्रप्रभा न राहवून उंबरा ओलांडून पुढं धावली.

बाईंनी तिचा दंड धरला. "थांब. काढू दे त्यांना."

तिसऱ्या खेपेला पोहरा अर्धा भरून आला. मास्तरांनी तो दोन्ही हातांनी उचलला, धोतर भिजवत, धापा टाकत न्हाणीच्या दारापर्यंत आणला. लेकीकडं बघायचं धाडस त्यांना झालं नाही. त्यांनी पाण्यात बोटं बुडवली आणि पोहरा बायकोच्या हातात दिला.

"हे चंद्रप्रभेचं. गार आहे. तापव."